लग्नातलं उरलेलं सामान विकायचंय? मग ते लग्नवाल्यांना विकायला जाऊ नका

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलीचं लग्न एप्रिलअखेर झालं, आता हॉलमध्ये खोके पडलेत, त्यात हळदीच्या डेकोरेशनच्या कापडी झेंडूच्या माळा, पिवळं-केशरी कापड, लाईटच्या लडी, फुलं-दिवे सोडायची दोन पितळी घंगाळं, समया, ताम्हण, १८ फेटे, रुखवताचं अर्धंमुर्धं सामान, साठेक रिटर्न गिफ्ट, पत्रावळ्या, पाण्याचे बॉक्स. आणि तुमचं म्हणणं की हे सगळं मिळून ६० हजारांच्या आसपास गेलेत, दुसऱ्या एखाद्या लग्नघराला देऊन निम्मे तरी सुटतील का. मी पुण्यात रुखवत आणि घरगुती कार्यक्रमांचं डेकोरेशन भाड्याने देते, जुनं सामान विकत घेते पण आणि विकते पण, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

निम्मे सुटणार नाहीत. नीट डोकं लावून विकलंत तर माझ्या अंदाजाने बारा ते पंधरा हजार, आणि सगळे खोके उचलून एखाद्या डेकोरेटरला एकगठ्ठा दिलेत तर पाच-सहा, तेही तो चांगल्या मूडमध्ये असला तर. आधीच सांगते कारण बहुतेक जण खरेदीची बिलं समोर ठेवून भाव सांगतात आणि मग दोन महिने कोणी फोनच करत नाही म्हणून चिडतात. घेणारा तुमचं बिल बघत नाही, तो बोहरी आळीत हेच नवीन होलसेलने कितीला मिळतं ते बघतो. तुम्ही घराजवळच्या दुकानातून ८० ला घेतलेली माळ तिथे डझनाच्या भावात निम्म्यात मिळते, मग तो वापरलेलीला ४० का देईल.

आणि दुसरं, लग्नघर हे तुमचं गिऱ्हाईकच नाहीये. लग्न ठरलेल्या घरात सगळ्यांना सगळं नवीन पाहिजे असतं. एरवी मंडईत दोन रुपयांसाठी भाव करणारी बाई सुद्धा मुलीच्या लग्नात "जाऊदे, एकदाच होतं" म्हणते. वरून शुभकार्याला दुसऱ्याचं वापरलेलं नको असं आजी-आत्या-मावश्या म्हणतातच, आणि नवरीला तर तिने सेव्ह करून ठेवलेल्या फोटोतलाच रंग हवा असतो. भाड्याचं चालतं हो, तेच कापड दहा लग्नांत फिरलेलं असतं, पण "विकत घेतलेलं जुनं" म्हटलं की नाक मुरडतात, याला काही लॉजिक नाही पण धंद्यात हे रोज बघते. म्हणून जाहिरातीत "लग्नाचं उरलेलं" हा शब्दच टाकू नका. तेच सामान गणपतीला, मंगळागौरीला, डोहाळजेवणाला, हळदीकुंकवाला, शाळेच्या गॅदरिंगला विकायचं. सामान तेच, गिऱ्हाईक वेगळं, आणि त्या गिऱ्हाइकाला जुन्याचं काही वाटत नाही कारण त्याचं बजेटच दोन-तीन हजारांचं असतं.

पण विकायच्या आधी एक काम करा, तुमचं कुठलं आणि डेकोरेटरचं कुठलं ते बघा. हसू नका, दर सीझनला हे होतं. कार्यालयातून निघताना मामा-काका घाईघाईत दिसेल ते खोक्यात कोंबतात, त्यात मंडपवाल्याचा पडदा, केटररचे दोन चिमटे, कोणाची तरी समई असं सगळं येतं. डेकोरेटरचं कोटेशन काढून बघा, त्यात "भाडे" लिहिलेलं असेल तर ती माळ तुमची नाही, पैसे भरपूर घेतले असले तरी नाही. त्याला एक फोन करा, परत देऊन टाका. त्यात तुमचाच फायदा आहे, डिपॉझिट अडकलेलं असेल तर सुटेल आणि तोच माणूस उरलेल्या मालाला गिऱ्हाईक पण सांगेल.

आता आधी कशाला हात घालायचा. जे खराब होणार आहे ते आधी. पत्रावळ्या सुपारीच्या पानाच्या असतील तर त्या पाऊस सुरू व्हायच्या आत गेल्याच पाहिजेत, दमट हवेत त्यांना बुरशी धरते आणि मग फुकट पण कोणी घेत नाही. बंद पॅकेट असतील तर ज्या दुकानातून घेतल्या तिथेच आधी विचारा. आपल्याकडचे पत्रावळीवाले, भुसारवाले, पाणी पुरवणारे सीलबंद माल परत घेतात, फक्त आठ-पंधरा दिवसांत आणि बिल घेऊन गेलं पाहिजे, महिन्याने गेलात तर तोंडं वाकडी करतात. पूर्ण पैसे देत नाहीत, थोडे कापतात किंवा तेवढ्याचं दुसरं सामान घ्या म्हणतात. घ्या. घरात वर्षभर साखर-तूरडाळ लागतेच. पुढच्या वेळी (धाकट्याचं व्हायचंय म्हणालात ना) खरेदीच्या वेळीच बिलावर "न फोडलेला माल परत" असं लिहून घ्यायचं, दुकानदार लग्नाच्या मोठ्या खरेदीला सहसा नाही म्हणत नाही. नंतर विकून जे मिळतं त्याच्या तिप्पट या एका ओळीने मिळतं.

पाण्याचे बॉक्स गॅलरीत उन्हात ठेवले असतील तर आत घ्या, प्लास्टिकचा वास लागतो पाण्याला. बाटलीवर तारीख असते ती बघा आणि सोसायटीत कोणाचा वाढदिवस, सत्यनारायण असेल त्याला थोडा कमी भाव लावून द्या. सुकामेवा, फोडलेल्या पिशव्या, लाडू-चिवड्याची पाकिटं यांच्या विक्रीच्या फंदात पडू नका, खाण्याचं विकायचं म्हटलं की फूड लायसन्सचा प्रश्न येतो आणि कोणाचं पोट बिघडलं तर निस्तरत बसा. वाटून टाका. नारळ उरले असतील तर कोपऱ्यावरच्या उडप्याला विचारा, चटणीला रोज लागतात त्याला, पण पूजेत वापरलेले नकोत. पूजेतल्या सुपाऱ्या-हळकुंडं पण विक्रीत धरू नका, पिशवीत तशीच न फोडलेली अर्धा किलो सुपारी असेल तर ठीक आहे.

मग पितळ. इथे थांबा जरा, कारण तुमच्या यादीत खरी किंमत यालाच आहे आणि तुम्ही ते सगळ्यात आधी मोडीत घालायला निघालाय. मोडीचा भाव म्हणजे नुसत्या धातूचा भाव, तोही रोज बदलतो, घडणावळ बुडते, आणि वजन करताना समईतल्या सळईचं, बुडातल्या लाखेचं, मातीचं वजन वजा करतात ते वेगळंच (पोकळ दांड्याच्या स्वस्त समयांत भार यावा म्हणून काय काय भरलेलं असतं ते फोडल्यावरच कळतं). घंगाळं आणि समया "वापरायची वस्तू" म्हणून विकल्या तर मोडीपेक्षा नक्कीच जास्त येतात. आणि यंदा तर मुहूर्त तुमच्या दारात आहे. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आलाय, १७ मे ते १५ जून. त्या महिन्यात लग्नं नाहीत, पण जावयाला वाण द्यायचं असतं, तेहतीस अनारसे नाहीतर बत्तासे, वर दिवा, आणि ते सगळं ताम्हणात. ज्या घरी नवीन जावई आहे त्या प्रत्येक घराला या महिन्यात ताम्हण, निरांजन, छोटी समई पाहिजे आणि दुकानात तेव्हा भाव चढलेले असतात. तुमचं ताम्हण चिंच-मीठ लावून लखलखीत करा आणि सोसायटीच्या ग्रुपवर "अधिक महिन्याच्या वाणासाठी" असं लिहून टाका, माझ्या मते दोन दिवस पण राहणार नाही.

पण थांबा, तुमच्याच घरी नवीन जावई आहे की! लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, वाण तुम्हालाच द्यायचंय. दोन ताम्हणं असतील तर एक विका, एकच असेल तर ठेवा. मे मध्ये ताम्हण स्वस्तात विकून जूनमध्ये नवीन महागाचं आणणाऱ्या आया मी पाहिल्यात.

हेच बाकी सामानाला पण लागू आहे. मुलीची पहिली मंगळागौर श्रावणात, पुढे दिवाळसण, मग संक्रांतीला हलव्याचे दागिने घालून हळदीकुंकू, पुढेमागे डोहाळजेवण. एक मध्यम खोका बाजूला काढून त्यात दोन-चार चांगल्या माळा, एक लाईटची लडी, एक चांगलं कापड, चौरंगावरचं आसन एवढं ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात "ठेवायचं" लिहा. विकायला काढलेल्या सामानात तो मिसळू देऊ नका. एकच खोका पण, नाहीतर सगळंच "लागेल कधीतरी" होतं आणि चार वर्षांनी माळ्यावरून काढलं की माळांच्या तारा गंजलेल्या आणि फोमची फुलं हाताला चिकटणारी.

माळा आणि कापड. हे गणपतीचं सामान. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत, घरगुती मखराची खरेदी श्रावण लागला की सुरू होते, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून. त्याच्या आधी जूनमध्ये विकायला काढलंत तर लोक "बघू" म्हणतात आणि शेवटच्या दोन दिवसांत काढलंत तर तोपर्यंत सगळ्यांनी तुळशीबागेतून घेतलेलं असतं. तेव्हा माळा आत्ता साफ करून नीट ठेवायच्या आणि ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फोटो टाकायचे. तुमचा पिवळा-केशरी रंग गणपतीला एकदम चालतो. गुलाबी-पांढरा पेस्टल असता तर डोहाळजेवण-बारशाच्या बायकांना विकायला सांगितलं असतं, ते बारा महिने चालू असतं पण गिऱ्हाईक एकेक करून येतं.

एक मात्र, खोक्यात थर्माकोलची अक्षरं, कमानीचे तुकडे, मखराचे भाग असतील तर ते विकायला काढू नका. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर पण आहे, तरी ग्रुपवर लोक बिनधास्त फोटो टाकतात. कृत्रिम फुलांवर पण बंदी आणा अशी फूलशेतकऱ्यांची मागणी आहे, विधानसभेत सुद्धा विषय निघाला होता, त्यामुळे प्लास्टिकची फुलं असतील तर मी तरी दोन-तीन वर्षं साठवून ठेवायचा सल्ला देणार नाही. कापडी असतील तर निवांत.

माळा साफ कशा करायच्या ते सांगते कारण भाव इथेच ठरतो. आधी झटका, मग बादलीत गार पाणी आणि अगदी थोडा शाम्पू, त्यात माळ बुडवून वरखाली हलवायची, चोळायची नाही, पाकळ्यांचा डिंक सुटतो. लाल-केशरी माळा वेगळ्या, पिवळ्या-पांढऱ्या वेगळ्या, लाल रंग हमखास सुटतो. सावलीत दोरीवर लटकवून वाळवा, उन्हात नको, पाकळ्या विटतात. पूर्ण वाळल्याशिवाय प्लास्टिकच्या पिशवीत घातलं की आतली तार गंजते आणि प्रत्येक फुलाच्या मधे तपकिरी डाग पडतो, तो डाग दिसला की माझ्यासारखी घेणारी बाई भाव निम्मा करते, मी करतेच. डांबराच्या गोळ्या टाकू नका, तो वास जात नाही, कोण देवासमोर लावेल. वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात, बास.

हळदीच्या कापडाला खऱ्या हळदीचे डाग असणारच. ते साबणाने धुतलंत की डाग लाल होतात आणि बाई घाबरून अजून साबण लावते, अजून लाल. साबणाने हळदीचा रंग लाल होतोच, घाबरायचं नाही. भरपूर पाण्यात खळबळून कडक उन्हात टाका, दोन-तीन दिवस, उन्हाने हळद उडते. म्हणजे फुलं सावलीत आणि हळदीचं कापड उन्हात, उलट करू नका. मे महिना आहे, आत्ताच करून घ्या, जूनमध्ये ऊन कुठून आणणार. इस्त्री करून घडी घाला, लांबी-रुंदी मोजून कागदावर लिहून त्या घडीला टाचा. "मोठं कापड आहे" असं लिहिणाऱ्याला कोणी फोन करत नाही, "दहा फूट बाय आठ फूट, साटीन, दोन नग" लिहिणाऱ्याला करतात, कारण समोरची बाई आपल्या हॉलची भिंत मोजून बसलेली असते.

लाईटच्या लडी गुंडाळायला जाड पुठ्ठा घ्या, त्याला दोन बाजूंनी खाचा मारा आणि त्यावर गुंडाळा. गुंता झालेली लडी आणि पुठ्ठ्यावर गुंडाळलेली लडी यात भावाचा फरक जवळजवळ दुप्पट पडतो, चालत दोन्ही असतात तरी. प्लगला लावून पेटलेली असतानाचा दहा सेकंदाचा व्हिडिओ काढून ठेवा. वायर कुठे सोललेली असेल तर ती लडी विकू नका आणि कोणाला देऊ पण नका, पडद्याला टेकली की संपलं.

फेटे तुमचे १८ आहेत, हे खरं तर चांगलं घबाड आहे. शिवलेले तयार असतील तर डोक्याच्या मापाचा प्रश्न येतो, लांब कापडाचे बांधायचे असतील तर कुठेही जातात. एकाच रंगाचे १८ एकत्र आहेत हीच त्यांची किंमत, ते सुटे सुटे विकू नका. ढोल-ताशा पथकं गणपतीच्या दोन महिने आधीपासून सराव करतात आणि तेव्हा त्यांना ड्रेसचं सामान लागतं, शाळांना गॅदरिंगला डिसेंबर-जानेवारीत लेझीम-कोळीगीत-पोवाड्यासाठी लागतात, फेब्रुवारीत शिवजयंती, मग पाडव्याची शोभायात्रा. शाळेच्या बाईंना फोन केलात तर त्या घासाघीस करतात पण पैसे बुडवत नाहीत, फक्त चेक यायला वेळ लागतो. घामाचे डाग आतल्या घडीला असतात तेवढे बघा, ड्रायक्लीनला टाकू नका, परवडत नाही.

रिटर्न गिफ्टचं तुम्ही लिहिलंय की कुंकवाच्या कोयऱ्या आणि ज्यूटच्या पिशव्या आहेत. यावर मुलीचं-जावयाचं नाव आणि तारीख छापलीय का? हा पहिला प्रश्न. नाव छापलेलं असेल तर ते विक्रीतून गेलं असं समजा, घरच्या लोकांत वाटा. पिशवीवर स्टिकर असेल तर हेअर ड्रायरची गरम हवा मारून निघतं, छापलेलं निघत नाही. नाव नसेल तर मात्र याच्यासारखा सोपा माल नाही, बायकांना वाणाला काय लुटायचं हा दर वर्षीचा प्रश्न आहे. मकरसंक्रांत ते रथसप्तमी हा तुमचा मोठा बाजार. त्याआधी मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं उद्यापन, नवरात्रात कुमारिका. चैत्रगौरीचं हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेला संपलं म्हणजे यंदाचं हुकलं. साठ एकदम कोणी घेणार नाही, ११, २१ असे गठ्ठे करा, बायका वाणाची मोजणी तशीच करतात. एक कोयरी उघडून हातात धरून फोटो काढा म्हणजे साईज कळतो.

नावाचा नियम बाकीच्या सामानाला पण तोच. नाव घातलेला अंतरपाट, नावाचा नियॉन बोर्ड, वेलकमचा बोर्ड, यांना काही येत नाही. पण वेलकम बोर्ड ज्या लाकडी स्टँडवर उभा होता तो स्टँड सगळ्यात आधी खपतो, चित्रकलेचे क्लासवाले, कॅफेवाले, फोटोग्राफर कोणीही घेतं. बोर्ड काढा, स्टँड विका. अंतरपाटावर नुसता गणपती, सनई-चौघडा, स्वस्तिक असं भरतकाम असेल तर तो जातो, आणि हा एकच माल असा आहे जो लग्नवाल्यांना विकला तरी चालतो, कारण अंतरपाट बऱ्याच घरी आजही गुरुजी आपला आणतात किंवा चुलत बहिणीकडून मागून आणतात, म्हणजे वापरलेलाच असतो. मुंडावळ्या विकू नका. मोत्यांच्या कितीही चांगल्या असल्या तरी कोणी घेत नाही, आणि तुमच्या मुलीला दहा वर्षांनी त्या बघायच्या असतील.

रुखवताला गिऱ्हाईक म्हणजे माझ्यासारख्या भाड्याने देणाऱ्या बायका. सुपारीचे भटजी, मोत्यांचा कलश, बाहुल्यांचा लग्नसोहळा, सप्तपदीची सात पावलं, हे आम्ही घेतो, पण पूर्ण सेट असेल तर. सात पावलांतलं एक हरवलं की राहिलेल्या सहांचं मी काय करू? नवरी-नवरदेव आहेत आणि मामा नाही, असं चालत नाही, भाड्याने घेणारी आई एकेक बाहुली मोजून घेते. तेव्हा आधी सगळं जमिनीवर मांडा, सेट पुरा आहे का बघा, हरवलेलं बहुतेक कार्यालयाच्या खोलीत किंवा मुलीच्या सासरी गेलेल्या बॅगेत सापडतं. साखरेची, खोबऱ्याची, पापड-कुरडयांची मॉडेल्स आम्ही घेत नाही, मुंग्या येतात. तुमचं कोणी नातेवाईक अमेरिकेत, युरोपात असेल आणि त्यांच्याकडे मुलामुलीचं लग्न असेल तर त्यांना पण विचारा, तिथे अंतरपाट, फेटे, छोटं रुखवत सहज मिळत नाही आणि जाताना बॅगेत हलकं सामान खुशीने नेतात. समया नेत नाहीत, २३ किलोच्या बॅगेत त्यांना लोणची-भाजणी कोंबायची असते.

आहेरातले खण, ब्लाऊजपीस, टॉवेल-टोप्या राहिल्याच. ते विकायचं नाव काढू नका, ते फिरतात. माझ्याकडे एक मोरपंखी ब्लाऊजपीस आला होता तो मीच दोन वर्षांपूर्वी एकीच्या ओटीत घातला होता, घडीवरच्या पिनेवरून ओळखला, परत पुढे पाठवला.

विकायचं कुठे. पहिलं सोसायटी आणि ओळखीच्या बायकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप, कारण तिथे माणूस चेहऱ्याने माहीत असतो आणि घरी येऊन बघून नेतो. दुसरं तुमचे लग्नाचे गुरुजी, हे लोक विसरतात. गुरुजी दर आठवड्याला चार घरांत जातात, कोणाकडे वास्तुशांत आहे, कोणाला चौरंग-पाट-समया लागणार आहेत हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. तिसरं कार्यालयाचा मॅनेजर. मग फेसबुक, ओएलएक्स. तिथे एक सांभाळा: "मी आर्मीत आहे, माझा माणूस गाडी घेऊन येईल, पैसे आधी पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" असा मेसेज आला की ब्लॉक करा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिन पण टाकावा लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले. झालंच असं काही तर लगेच १९३० ला फोन. आणि फोटो टाकताना लग्नातले फोटो टाकू नका, मागे मुलगी दागिन्यांसकट उभी आणि खाली तुमचा पत्ता, हे अजिबात नको. सामान जमिनीवर चादर टाकून मांडा, खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात. एखादी माळ दाराला लावून एक फोटो, लोकांना लावल्यावर कसं दिसेल ते डोळ्यासमोर येत नाही.

भाव सांगताना माझा ठोकताळा असा: नीट साफ केलेलं, जोडीने असलेलं, हंगामात विकलेलं असेल तर बाजारातल्या नव्याच्या (तुमच्या बिलातल्या नव्हे) निम्म्यापर्यंत मागा आणि तिसऱ्या हिश्श्याला द्या. हंगामाबाहेर असेल तर चौथा हिस्सा. पितळ याला अपवाद, ते मोडीच्या वर जिथे थांबेल तिथे. आणि गठ्ठ्यात विकताना घेणारा वेचून नेणार नाही याची काळजी घ्या. डेकोरेटर घरी आला की त्याचं ठरलेलं असतं, चार चांगल्या माळा, दोन लडी, घंगाळं बाजूला काढणार आणि "याचे दोन हजार घ्या, बाकीचं नको काकू, गोडाऊनला जागा नाही." हो म्हणालात की मागे राहिलेला कचरा कायमचा तुमचा. त्यापेक्षा आधीच खोके करा, प्रत्येक खोक्यात एक वस्तू डोळ्यात भरणारी आणि चार साध्या, आणि सांगायचं, खोका फुटणार नाही. तो कुरकुरेल, जिन्यापर्यंत जाईल, परत येईल. परत नाही आला तर नाही आला, ऑगस्ट आहेच.

तुम्ही शेवटी विचारलंय की विकण्यापेक्षा आपणच भाड्याने द्यायला सुरुवात करावी का. तुमच्या फ्लॅटची जागा सांगितलीत त्यात नको. भाड्याच्या धंद्यात सामान हा छोटा भाग असतो, परत आलेलं मोजणं, धुणं, तुटलेल्याचे पैसे मागताना ओळखीच्या माणसाशी वाईटपणा घेणं, रात्री अकराला टेम्पो उतरवून घेणं, यातच सगळा वेळ जातो. हौस असेल तर फक्त फेटे आणि घंगाळं ठेवून बघा, ती तुटत नाहीत. घरचं उरलेलं एकदा विकलंत म्हणून जीएसटी वगैरे काही लागत नाही. धंदा म्हणून भाड्याने द्यायला लागलात तर ती सेवा धरतात आणि वर्षाला २० लाखांच्या वर गेल्याशिवाय नोंदणी लागत नाही, तिथपर्यंत पोचलात तर मला पण पार्टनर करा.

आणि गणपती होऊन गेल्यावर पण सजावटीचं जे उरेल ते तिथेच थांबवा, दिवाळीची वाट बघू नका, लडी सोडून. जवळच्या वस्तीतल्या नवरात्र मंडळाला, नाहीतर अंगणवाडीच्या ताईंना फोन करा, त्या स्वतः येऊन नेतात. पुढे लडी पण दिल्यात तर त्या पेटतात का ते मात्र पुन्हा एकदा बघून द्या.